आधी हात, मग तोंड

३ मार्च, सोमवार. दुपारी साडेतीन.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी वही लिहायला सांगितली. म्हणाल्या, रोज तोंडाला काय लावलं, काय झालं आणि कारण काय वाटतं, एवढंच लिहायचं. कारण सापडेपर्यंत. म्हटलं, तुम्हाला दाखवायची का? म्हणाल्या, नको, तुम्ही तोंडी सांगा, तुमचं अक्षर मला लागणार नाही. म्हटलं, तुमचं तरी कुणाला लागतं! हसल्या. बाई बरी आहे.

वॉर्डातल्या सिस्टरकडून औषध कंपनीची जुनी डायरी आणली. वार गेल्या सालचे आहेत. खोडून लिहीन. चौथी पास आहे, एवढं येतं.

काम: इस्पितळाची लाँड्री. सकाळी सात ते नऊ खाली टाकीवर डागाच्या चादरी ब्लीचमध्ये बुडवणे. नऊनंतर गच्चीवर. वाळत घालणे, काढणे, घड्या. सतरा वर्षं. वरून ऊन, आणि समोरून पांढऱ्या चादरींचं ऊन. दोन्हीकडून भाजून निघते.

तोंड: लाल. गालावर पुरळ. चरचर. डोळ्यांतून पाणी.
काय लावलं होतं: शिडीने दिलेली ट्यूब.
कारण: शिडी.

४ मार्च, मंगळवार.

शिडी कोण ते लिहून ठेवते. पुढे विसरून जाईन. विसरणारच आहे.

गच्चीवर माझ्या जोडीला होती. उंच. गच्चीवर दोऱ्या दोन, खालची माझी, वरची तिची. वरच्या दोरीला माझा हात पोचत नाही, म्हणून मी तिचं नाव शिडी ठेवलं. तिने माझं लवंगी. आखूड आणि झोंबणारी. सतरा वर्षांत खऱ्या नावाने आम्हाला फक्त हजेरीला हाक मारली असेल कुणी.

तर फेब्रुवारीत तिने ट्यूब आणून दिली. म्हणाली, लवंगे, तुझं तोंड बघवत नाही, रोज लाव. दोन बोटं भरून घ्यायची. कपाळ, गाल, नाक, कान, मान. उन्हात जायच्या आधी पाव तास सावलीत बस. आणि आधी हात धू.

म्हटलं, सतरा वर्षं धुण्यातच हात आहेत माझे. धुतलेले हात काय धुवायचे?

तीन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी तोंड टोमॅटो. मग मला जे बोलायचं होतं ते बोलले. खाली टाकीपाशी, चौदा बायांसमोर. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय होतं ते माझ्या तोंडावर उमटलं, म्हटलं. लेकीने टाकून दिलेली ट्यूब माझ्या गळ्यात मारलीस, म्हटलं. ट्यूब मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीत फेकली. आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही, त्याचा सनस्क्रीनशी संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सांगून खाली इस्त्रीच्या खोलीत बदली करून घेतली. बाईला सावलीत बसायचं होतं, निमित्त मिळालं.

सोमवारपर्यंत येईल वर. वाफ तिला सोसत नाही. तिची कापडी टोपी इथेच पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला आहे. टोपीसाठी तरी येईल.

६ मार्च, गुरुवार.

चौकातल्या ब्यूटीच्या दुकानात गेले. पोरगी म्हणाली, मॅडम, एसपीएफ किती हवा? म्हटलं, सगळ्यात जास्त. म्हणाली, पन्नास आहे. म्हटलं, शंभर दे. म्हणाली, पन्नास पुष्कळ होतो, दर दोन तासांनी परत लावा म्हणजे झालं. म्हटलं, मी काम करू की तोंड रंगवू? म्हणाली, सेन्सिटिव्ह स्किन आहे का? म्हटलं, स्किन सेन्सिटिव्ह आहे, मी नाही.

गुलाबी ट्यूब घेतली. गुलाबाचा वास. घरी लावून बघितली. नवरा म्हणाला, बाहेरची भिंत रंगवायची राहिली आहे, उरलं तर तिला लाव.

उद्यापासून नवं तोंड. शिडीला दिसेलच.

७ मार्च, शुक्रवार.

काय लावलं: गुलाबी.
काय झालं: दहाच्या सुमारास चरचर. डोळ्यांतून पाणी. साडेदहाला एप्रनने पुसून टाकलं. पुसल्यावर जास्त लाल.
कारण: गुलाब.

एकटीने चादरींच्या घड्या केल्या. दोन टोकं भिंतीतल्या हुकांना अडकवायची आणि दोन आपण धरायची. सोपं आहे. उगाच सतरा वर्षं दोन माणसं लावली या कामाला.

८ मार्च, शनिवार.

सुपरवायझर म्हणाला, घड्या तिरक्या आहेत, वॉर्डातून परत आल्या. म्हटलं, पेशंट त्यावर झोपणार आहे की ओळंबा लावून बघणार आहे? म्हणाला, बाई, जोडीदार देतो. म्हटलं, नको, माझी सोमवारी येते आहे. म्हणाला, कोण? म्हटलं, बघाल.

हुक जरा वाकडे आहेत. घडीत माझी चूक नाही.

१० मार्च, सोमवार.

आली नाही. सोमवार म्हणजे हाच सोमवार असं मी म्हटलं नव्हतं.

काय लावलं: जेल. पाण्यासारखं, पांढरं दिसत नाही.
काय झालं: तेच. शिवाय डोळ्यांतून पाणी जास्त. मुख्यतः घड्या घालताना.
कारण: जेल घामाबरोबर डोळ्यांत उतरतं.

११ मार्च, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत.

सुपरवायझरने ऐकलं नाही. नवी बाई दिली. चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली, तर तिथेच उभी. म्हटलं, अगं ये ना! म्हणाली, कुठे? म्हटलं, माझ्याकडे!

आता हे काय शिकवायचं असतं? चादर ताणायची. एक झटका द्यायचा, फट् आवाज आला पाहिजे. मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकं एकीच्या हातात द्यायची, वाकून मधली घडी उचलायची, परत मागे. असं चार वेळा. शिडी आणि मी जाताना-येताना बोलायचो. त्या टोकाला तक्रार सुरू झाली की जवळ येईपर्यंत निम्मी व्हायची आणि टोकं हातात देताना हसू यायचं. दिवसाला दोनशे चादरी. म्हणजे आठशे वेळा ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. तिच्या हनुवटीखाली उजवीकडे तीळ आहे. कशाला लिहिलं हे मी?

नवीला परत पाठवली. चालताना गुणगुणते.

डोळ्यांतून पाणी: पुष्कळ.
कारण: वारा.

१३ मार्च, गुरुवार.

ट्रॉलीवाल्याने बातमी आणली. हा म्हातारा निम्मं ऐकतो आणि दुप्पट सांगतो. म्हणाला, तुमची शिडी एकतीस तारखेला सुटते आहे. लेकीला जुळं झालं. लेकीच्या गावी जाणार, कायमची. भाड्याची खोलीही सोडली.

म्हटलं, अफवा. तसं असतं तर मला आधी कळलं असतं.

मग आठवलं, मला सांगायला ती येणार तरी कुठून.

तरी अफवाच आहे. लेक नखरेल आहे, आई तिला चार दिवस चालणार नाही.

१५ मार्च, शनिवार.

स्प्रे आणला. फवारला की झालं, हात लावायला नको. डोळे मिटायला विसरले. नऊपासून साडेनऊपर्यंत आंधळी.

खाली नोटीस बोर्डावर कागद बघितला. खरं आहे. एकतीस मार्च, सोमवार, दुपारी चार वाजता इस्त्रीच्या खोलीत चहा. सगळ्यांनी यावं. सगळ्यांत मी येत नसणार.

पंधरा दिवस आहेत. भरपूर झाले. तिने येऊन माफी मागितली तर मी लगेच मोकळं करीन तिला. मी काही दगड नाही.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी.

डॉक्टरीणबाईंना सगळं तोंडी सांगितलं. गुलाबी, जेल, स्प्रे. कपाळाला हात लावला त्यांनी. म्हणाल्या, नाजूक कातडीला वास नको, स्पिरिट नको, फवारा नको. झिंक असलेलं साधं क्रीम घ्या. थोडं पांढरं दिसेल, दिसू दे. आणि सरळ तोंडाला लावू नका. आधी तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. शिवाय एकट्या क्रीमवर भागत नाही, टोपी घाला.

मग विचारलं, डोळ्यांतून पाणी कधी येतं? म्हटलं, घड्या घालताना. म्हणाल्या, इतर वेळी? म्हटलं, वरच्या दोरीकडे बघताना. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हटलं, चादरींची ॲलर्जी असेल. म्हणाल्या, सतरा वर्षांनी? म्हटलं, उशिरा येत असेल. म्हणाल्या, लिहीत राहा.

चिठ्ठी घेऊन गेटवरच्या मेडिकलमध्ये गेले. चष्मेवाल्याने चिठ्ठी वाचली आणि मागे वळून ट्यूब काढली.

निळ्या टोपणाची. तीच. शिडीने दिलेली.

म्हटलं, ही नको, हिनेच तोंड उठलं. म्हणाला, होय का? नवल आहे. यात उठण्यासारखं काही नाही. गेल्या महिन्यात उंच बाई घेऊन गेल्या, लाँड्रीतल्याच. अर्धा तास खाल्ला माझा. वास आहे का? डोळ्यांत चुरचुरतं का? गच्चीवर चालेल का? घाम आला तर? मी म्हटलं, ताई, तुमची कातडी तर चांगली आहे. तर म्हणाल्या, माझ्यासाठी नाही, माझ्या मैत्रिणीसाठी. तिची कातडी कांद्याच्या सालीसारखी आहे आणि ती स्वतः कधी यायची नाही. शेवटी माझ्यासमोर स्वतःच्या हाताला लावून तासभर समोरच्या बाकावर बसून राहिल्या, काही होतं का बघायला.

लेकीने टाकलेली नव्हती.

कंपनीने मधल्या काळात माल बदलला असेल. तसं करतात.

१८ मार्च, मंगळवार.

कोपराला लावलं. आंघोळीनंतर, घरी.
काय झालं: काही नाही.

१९ मार्च, बुधवार.

काही नाही.

दुपारी खाली जावं म्हटलं. इस्त्रीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती पाठमोरी होती. केस पुष्कळ पांढरे झालेत, वरून कधी दिसले नव्हते. म्हणजे वरून मला कसे दिसणार, ती शिडी. वाफेत दिसले. आत जाऊन विचारणार होते की अभ्रे किती झाले. तेवढ्यात एक बाई म्हणाली, काय लवंगी, वाट चुकलीस का? म्हटलं, हो. परत आले.

वाट खरंच सारखी आहे. दोन्ही जिने एकसारखे.

२० मार्च, गुरुवार.

कोपर ठणठणीत. लोण्यासारखं.

२१ मार्च, शुक्रवार.

कोपर पास झालं म्हणून आज तोंडाला लावलं. सकाळी नऊला, टाकीवरून वर आल्या आल्या. दोन बोटं भरून. कपाळ, गाल, नाक, कान, मान.
काय झालं: अकराला तोंड टोमॅटो.

म्हणजे कोपर माझं नाही का?

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? ट्यूब वाईट निघाली म्हणजे मी बोलले ते बरोबर होतं. आता तिला सांगता येईल की बघ, दुसऱ्यांदाही उठलं. मग ती काहीतरी बोलेल. मग मी काहीतरी बोलेन. चालू तर होईल.

ठरलं. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेते की ट्यूब वाईट आहे.

२४ मार्च, सोमवार.

टाकीवरून सरळ ओपीडीत गेले, नंबर लवकर लागावा म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसं लावता ते माझ्यासमोर करून दाखवा. ट्यूब उघडली, बोटावर घेतलं, तोंडाकडे नेलं. त्यांनी मधेच हात धरला. नाकाजवळ नेला.

म्हणाल्या, हा वास कसला?

म्हटलं, कसला? हातांचा.

म्हणाल्या, अहो, ब्लीच आहे हे! हातमोजे? म्हटलं, फाटतात. म्हणाल्या, याच हातांनी रोज तोंडाला लावता? गुलाबी, जेल, सगळं? म्हटलं, दुसरे हात कुठून आणू?

मग त्या हळू बोलल्या. म्हणाल्या, मावशी, क्रीमचा दोष नाही. हातांचं ब्लीच तुम्ही तोंडावर चोळत होतात. घरी धुतलेल्या हाताने लावलं तेव्हा काही झालं नाही, बघा. साध्या साबणाने हात धुवायचे, भरपूर पाण्याने, स्वच्छ फडक्याला पुसायचे. मग क्रीम. मग पाव तास सावलीत. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही का? आधी हात धुवा म्हणून?

मी म्हटलं, नाही.

म्हणाल्या, पुरळाचं कारण सापडलं. डोळ्यांचं राहिलं, ते लिहीत राहा.

कारण: मी.

२५ मार्च, मंगळवार.

वाक्य ठरवलं. एकच. मी हात धुतले नव्हते, चूक माझी होती.

बस. याला काय लागतं? सहा-सात शब्द. मी चौदा बायांसमोर शंभर बोलले तेव्हा अडलं नाही.

उद्या सांगते.

२६ मार्च, बुधवार.

आज इस्त्रीत गर्दी होती.

२७ मार्च, गुरुवार.

आज इस्त्रीत गर्दी नव्हती. एकटीच होती. गर्दी नसताना सांगितलं तर तिला वाटेल मी चौदा बायांना घाबरले. जे चारचौघांत मोडलं ते चारचौघांत जोडायला हवं.

तिने वर बघितलं. मी म्हटलं, इस्त्री फार गरम ठेवतेस, अभ्रे पिवळे पडतील. ती म्हणाली, बरं.

सतरा वर्षांत तिने मला कधी नुसतं बरं म्हटलं नव्हतं. काहीतरी शेपूट असायचं. बरं गं लवंगे, बरं महाराणी, बरं माझे आई.

डोळ्यांतून पाणी: जिन्यात.
कारण: वाफ.

२८ मार्च, शुक्रवार.

काय लावलं: निळ्या टोपणाचं. आधी हात, साबण, पाणी, फडकं.
काय झालं: काही नाही. लाल नाही. चरचर नाही. दुपारी परत हात धुऊन परत लावलं. काही नाही.

दोन दिवसांत तोंड निवळेल. सोमवारी तिला तोंड दाखवायचं. वाक्य अडलं तर तोंड आहेच, ते बघून तिला कळेल.

शिवाय एक युक्ती केली. खिळ्यावरची तिची टोपी काढून माझ्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं. आता टोपी हवी तर तिला माझ्याकडे मागावीच लागेल. मागायला वर येईल, लवंगे, माझी टोपी कुठाय म्हणेल. मी म्हणेन, आधी ऐक.

डोकं असं चालवावं लागतं.

२९ मार्च, शनिवार.

टोपी घालून बघितली. भुवयांच्या खाली आली. काही दिसेना. आत तिच्या तेलाचा वास. परत कपाटात.

वरची दोरी रिकामीच आहे महिनाभर. स्टुलावर चढून घालत होते, परवा स्टूल कलंडलं. आता सगळं खालच्या दोरीवर. दाटीवाटीने वाळत नाही, ओलसर वास येतो. सुपरवायझरला सांगितलं, हवा दमट आहे. म्हणाला, या दिवसांत?

३० मार्च, रविवार. घरी.

नवऱ्याला विचारलं, मी फार बोलते का? पेपर खाली न ठेवता म्हणाला, याचं उत्तर दिलं तर किती बोलशील?

आरशासमोर वाक्य तेरा वेळा म्हटलं. बाराव्या वेळी चांगलं झालं. तेराव्याला परत राग आल्यासारखं वाटलं. माझा आवाजच तसा आहे, ती ओळखते.

तोंड: स्वच्छ. माझंच मला नवं वाटलं.

३१ मार्च, सोमवार. दुपारी पावणेपाच.

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता सुपरवायझर म्हणाला, शिडीबाईंची गाडी लवकरची निघाली, चहा रद्द. जेवणाच्या सुट्टीत त्या निघतील. म्हटलं, म्हणजे ती आत्ता टोपीसाठी वर येणार. तयार राहिलं पाहिजे.

सकाळचं क्रीम घामाने उतरलं होतं. असलं तोंड दाखवायचं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या नळावर गेले. हात धुतले. वास घेतला, परत धुतले. तिसऱ्यांदा धुतले. फडक्याला पुसले. दोन बोटं भरून घेतलं. कपाळ, गाल, नाक, कान, मान. मग वर येऊन पाण्याच्या टाकीमागे सावलीत पाव तास बसले. डोळे मिटून, काही आत जायला नको. मनात वाक्य. मी हात धुतले नव्हते, चूक माझी होती. मी हात धुतले नव्हते, चूक माझी होती.

गच्चीवर पावलं वाजली. वाटलं, ट्रॉलीवाला. तो रोज याच वेळी येतो. अजून दहा मिनिटं बाकी होती. नियम म्हणजे नियम.

पाव तास पुरा करून बाहेर आले. कुणी नाही.

साडेबारापर्यंत थांबले. एकपर्यंत थांबले. मग ट्रॉलीवाला आला. म्हणाला, अहो, तुम्ही होता कुठे? शिडीबाई आल्या होत्या. जिन्यात मी त्यांना म्हटलं, लवंगी चहाला गेली असेल. त्या इथे बराच वेळ होत्या. दारातून मला दिसलं, आधी खिळ्याकडे बघितलं, मग दोरीशी काहीतरी करत होत्या. मग गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या.

म्हटलं, टोपी मागितली का? म्हणाला, नाही. उतरताना मी म्हटलं, खिळा रिकामा दिसतो, तर म्हणाल्या, बरं.

मी टाकीमागेच होते. टाकीपासून दोरी दहा पावलं आहे.

मग दोरी बघितली. वरची. ती वर नव्हती. दोन्ही खांबांवरून सोडून खाली बांधली आहे. माझ्या नाकासमोर.

दोरी सैल पडली असेल. उन्हाने पडते.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेदहा.

सैल पडलेली नाही. दोन्हीकडे गाठ आहे. डावखुरी गाठ, तिची. एक चादर घालून बघितली. कड जमिनीपासून चार बोटं वर राहते. मोजून बांधली आहे. त्या दहा मिनिटांत तिने हे केलं, आणि मी तोंडाला क्रीम मुरवत बसले होते.

दहा वाजता फोन लावला. उचलला. मागे पोरांच्या रडण्याचा आवाज, दोन-दोन.

वाक्य तयार होतं. म्हटलं, दोरी फार खाली बांधलीस. चादरी जमिनीला टेकतात.

ती म्हणाली, मग एक वेढा वर घे.

म्हटलं, तुझी टोपी राहिली इथे.

म्हणाली, राहू दे. तू घाल. आतून एक टाका मार, म्हणजे डोळ्यांवर येणार नाही.

पोरं रडत होती. मी म्हटलं, हं.

ती म्हणाली, हात धुतेस ना आधी?

म्हटलं, धुते.

म्हणाली, बरं गं. मग लेकीने हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

वाक्य राहिलं.

काय लावलं: निळ्या टोपणाचं. आधी हात, मग तोंड, मग पाव तास.
काय झालं: लाल नाही. पुरळ नाही. चरचर नाही. वारा नाही. वाफ नाही. घड्या अजून सुरू केलेल्या नाहीत.
डोळ्यांतून पाणी: आहे.
कारण: सापडलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कारण सापडेपर्यंतच लिहा.